ज्युपिटरच्या देवळाची कौलं

मागच्या महिन्यात या सदरात रोमच्या सात टेकड्यांविषयी लिहिलं, तेव्हा कॅपिटोलाइन टेकडीवरच्या ज्युपिटरच्या, म्हणजे रोमन देवांच्या राजाच्या, देवळाला चार ओळी दिल्या होत्या. त्या चार ओळींवर जितकी पत्रं आली तितकी बाकीच्या सहा टेकड्या मिळूनही आली नाहीत. म्हणून हा महिना त्या देवळाला. पत्रं थोडी आखडून दिली आहेत.

प्रश्न : ताई, माझी मुलगी जर्मनीत असते. गेल्या मे महिन्यात तिच्याबरोबर चार दिवस रोमला गेलो होतो. टेकडीवरच्या संग्रहालयात काचेच्या छताखाली मार्कस ऑरेलियसचा घोड्यावरचा पुतळा आहे, त्याच्या शेजारी दगडांची एक प्रचंड ओबडधोबड भिंत. पाटीवर ‘ज्युपिटरचं मंदिर’. मी मंदिर शोधत दोन मजले वर-खाली केले. शेवटी एका गाईडने सांगितलं, ते ख्रिश्चनांनी पाडलं. हे खरं का? आणि मग रोममधलंच दुसरं जुनं देऊळ, पँथिऑन, कसं शाबूत राहिलं? (निवृत्त अभियंता, नाशिक)

उत्तर : तुम्ही पाहिलीत ती भिंत म्हणजेच ते देऊळ. त्याचं जोतं म्हणा, आणि तेही जमिनीत गाडलेल्या भागाचं. मीही २०११ साली त्या दालनात गेले होते. सगळे घोड्यापाशी फोटो काढत होते आणि मी तासभर भिंतीसमोर बसून होते. राखाडी रंगाचा, जवळून पाहिला तर पापुद्रे सुटल्यासारखा दिसणारा मऊ दगड, तिथे त्याला कापेल्लाच्चो म्हणतात. रोमच्या आसपासच निघणारी ही ज्वालामुखीची राख, दाबून दगड झालेली. साधारण फूटभर उंचीचे चिरे, चुना नाही, माती नाही, नुसते एकावर एक बसवलेले. तुम्ही अभियंते आहात, तुम्हाला ते माझ्याहून जास्त कळलं असेल. साधारण ५४ मीटर रुंद आणि ६२ मीटर लांब असा हा पाया आहे आणि तो अडीच हजार वर्षं तिथून हललेला नाही.

आता तुमच्या गाईडच्या उत्तराकडे येते. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते खोडून काढल्याशिवाय मला राहवत नाही. देऊळ कुणी एका दिवशी पाडलं नाही. ते जळलं तीनदा, आणि तिन्ही वेळा रोमन लोकांनी ते पुन्हा उभं केलं. चौथ्या वेळी ते जळलंही नाही. त्याची दिवाबत्ती बंद झाली.

पहिलं देऊळ रोमच्या शेवटच्या राजाने, टारक्विनियस सुपर्बसने, बांधून घेतलं. पण त्याचं लोकार्पण व्हायच्या आत राजालाच हाकललं, आणि इ.स.पू. ५०९ मध्ये, प्रजासत्ताकाच्या पहिल्याच वर्षी, १३ सप्टेंबरला ते देवाला वाहिलं गेलं, अशी त्यांची परंपरा सांगते. ते चारशे वर्षांहून जास्त टिकलं. इ.स.पू. ८३ च्या जुलैमध्ये जळालं, त्यात तळघरातल्या दगडी पेटीत जपलेले सिबिल या भविष्यवेत्तीचे ग्रंथही गेले. सेनापती सुल्लाने पुन्हा बांधायला घेतलं आणि त्यासाठी अथेन्सच्या झ्यूसच्या अर्धवट राहिलेल्या देवळाचे खांब उचलून आणले, असं रोमन लेखक प्लिनी लिहितो. इ.स.पू. ६९ मध्ये ते काम पुरं झालं, तोवर सुल्ला वारला होता.

दुसऱ्यांदा जळालं ते इ.स. ६९ च्या डिसेंबरात. त्या एका वर्षात रोमने चार बादशहा पाहिले. बादशहा व्हिटेलियसचे सैनिक आणि गादीवर हक्क सांगणाऱ्या व्हेस्पेशियनची माणसं यांच्यात भर शहरात मारामारी चालली होती, व्हेस्पेशियनचा भाऊ टेकडीवर अडकला होता आणि त्यात आग लागली. वेढा घालणाऱ्यांनी लावली की आत अडकलेल्यांनी, हे रोमन इतिहासकार टॅसिटसलाही ठरवता आलं नाही. पण त्याने त्या पानावर जे लिहिलंय त्याने माझ्या वर्गातली मुलं दर वर्षी गप्प व्हायची. तो म्हणतो की शहर वसल्यापासून रोमवर याहून दुःखाची आणि लाजिरवाणी वेळ आली नव्हती. गॉल लोकांनी शहर घेतलं तेव्हाही ज्या देवळाला हात लागला नाही, ते कुणी परका शत्रू समोर नसताना आपल्याच बादशहांच्या वेडापायी जळालं. व्हेस्पेशियन गादीवर आल्यावर राडारोड्याची पहिली पाटी त्याने स्वतःच्या मानेवर वाहून नेली, असं बादशहांचा चरित्रकार सुएटोनियस सांगतो. वितळून गेलेल्या तीन हजार ताम्रपटांच्या नकलाही त्याने शोधून शोधून पुन्हा करवल्या. आपल्याकडे ताम्रपट म्हटलं की दानपत्र आठवतं. तिथे त्यांत तह होते, कायदे होते, कुणाला काय हक्क दिले त्याच्या नोंदी होत्या. रोमचं जुनं, मोलाचं दप्तर त्या टेकडीवर होतं.

इ.स. ८० मध्ये तिसऱ्यांदा आग लागली. त्यानंतर व्हेस्पेशियनचा मुलगा डोमिशियन बादशहा याने बांधलं ते शेवटचं. अथेन्सजवळच्या पेंटेलिकस डोंगराचा संगमरवर आणि नुसत्या सोनेरी मुलाम्यालाच बारा हजार टॅलेंटांहून (टॅलेंट हे तेव्हाचं मोठ्या रकमेचं माप) जास्त खर्च. ग्रीक लेखक प्लुटार्कने ते खांब अथेन्समध्ये असतानाच पाहिले होते. तेव्हा त्यांची जाडी-उंची अगदी मापात होती, रोममध्ये आणून पुन्हा तासले-घासले तर चमक आली पण ते काटकुळे दिसू लागले, अशी त्याची हळहळ आहे. एका खांबाच्या जाडीबद्दल माणूस इतकं मनापासून लिहितो, म्हणून प्लुटार्क मला आवडतो.

यानंतर तीनशे वर्षं देऊळ झळझळत होतं. मग ३८२ मध्ये ग्रेशियन बादशहाने जुन्या देवांच्या पूजेला सरकारी तिजोरीतून मिळणारा पैसा थांबवला आणि पुजाऱ्यांच्या जमिनी सरकारजमा केल्या. ३९१ मध्ये थिओडोशियसने बळी द्यायला आणि देवळात जायलाच बंदी केली. भिंतीला कुणी हात लावला नव्हता. पण इनाम गेलं, वर्षासन गेलं, की देवस्थानाचं काय होतं हे आपल्या गावोगावच्या लोकांना सांगायला नको. पहिल्या पावसात कौल सरकतं, ते बसवायला कुणी नसतं, दुसऱ्या पावसात वासा कुजतो. तेव्हा गाईडच्या बोलण्यात इतपत तथ्य आहे, की पैसा आणि पूजा बंद करणारे बादशहा ख्रिस्ती होते. कुदळ मात्र त्यांनी चालवली नाही.

आणि मग नेणारे आले. पहिला नेणारा रोमचाच सेनापती, स्टिलिको. त्याने देवळाच्या दारांवरचा सोन्याचा पत्रा काढवला. पत्रा निघाला तेव्हा खाली अक्षरं दिसली, ‘हे एका अभागी राजासाठी राखून ठेवलं आहे’, असं झोसिमस सांगतो. तो जुन्या देवांना मानणारा इतिहासकार, त्याच्या मनात शाप होता हे उघड आहे, म्हणून ही गोष्ट गोष्ट म्हणूनच ऐकावी. स्टिलिकोला ४०८ मध्ये देहदंड झाला, हे मात्र खरं. दुसरा नेणारा व्हँडल टोळ्यांचा राजा गायसेरिक. ४५५ मध्ये तो चौदा दिवस रोम लुटत होता. इतिहासकार प्रोकोपियस म्हणतो, त्याने ज्युपिटरच्या देवळाचं अर्धं छप्पर उतरवलं. उत्तम काशाची कौलं, वर जाड सोन्याचा थर. अर्धंच का, ते प्रोकोपियस लिहीत नाही. मला वाटतं चौदा दिवसांत तेवढंच निघालं असावं. त्याच्या राजधानीला, कार्थेजला, जाताना पुतळ्यांनी भरलेलं एक जहाज बुडालं, बाकीची पोचली. उरलेल्या अर्ध्या छपराखाली पुढची वर्षं ते देऊळ कसं दिसत असेल, हा विचार त्या तासभरात माझ्या मनातून जात नव्हता.

तीनच वर्षांनी, ४५८ मध्ये, मेजोरियन बादशहाने कायदा केला की रोममधल्या जुन्या इमारती कुणी पाडायच्या नाहीत, त्यांचे दगड घरं बांधायला न्यायचे नाहीत. परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याला पन्नास पौंड सोनं दंड, हाताखालच्या कारकुनांना फटके आणि हात तोडण्याची शिक्षा. एवढी शिक्षा लिहावी लागली, यावरून दगड किती सर्रास जात होते ते समजा.

पुढची हजार वर्षं मी एका वाक्यात सांगते. संगमरवर भट्टीत भाजून त्याचा चुना झाला आणि टेकडीच्या त्या टोकाला लोक मोन्ते काप्रिनो, म्हणजे शेळ्यांची टेकडी, म्हणू लागले. १६व्या शतकात काफारेल्ली घराण्याने त्याच पायावर आपला वाडा उभारला. त्या शतकाच्या अखेरीस फ्लामिनियो वाक्का या शिल्पकाराने देवळाच्या खांबाच्या शिरोभागाच्या संगमरवरातून एक सिंह कोरला. एका खांबाच्या नुसत्या डोक्यातून पुऱ्या आकाराचा सिंह निघाला, यावरून खांब किती मोठा असेल पाहा. तो सिंह आज फ्लॉरेन्सच्या चौकात, लोज्जिया दैई लान्झीच्या पायऱ्यांपाशी उभा आहे. एका पंजाखाली गोळा आहे. तुम्ही फ्लॉरेन्सला गेला असाल तर देवळाचा वरचा भाग तुम्ही तिथे पाहिलात.

पँथिऑन वाचलं, कारण ६०९ मध्ये त्याचं चर्च झालं. बादशहा फोकासने ते पोप बोनिफेस चौथा यांना दिलं. म्हणजे दिवाबत्ती लागली. तरी काशाचं छप्पर त्याचंही गेलंच. ६६३ मध्ये कॉन्स्टान्स दुसरा या बादशहाने ते उतरवून नेलं, आणि तो स्वतः ख्रिस्ती होता.

प्रश्न : मॅडम, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुस्तकात या देवळाचं रेखाचित्र आहे. सहा खांब, तीन गाभारे, वर चार घोड्यांचा रथ. पण उरलाय फक्त पाया, तर हे कशावरून काढलं? की कल्पनेनेच? (विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : बाळा, हा प्रश्न विचारलास म्हणून आधी शाबासकी. पुस्तकातलं प्रत्येक रेखाचित्र असंच तपासायचं.

पायाची लांबी-रुंदी मोजता येते. समोर तीन रांगांत खांब होते आणि आत ज्युपिटर, त्याची बायको जूनो आणि मुलगी मिनर्व्हा अशा तिघांचे शेजारी-शेजारी गाभारे होते, हे हॅलिकार्नाससचा ग्रीक इतिहासकार डायोनिसियस लिहून गेलाय. नाण्यांवर देवळाचं तोंड दिसतं. आणि माझ्या मते सगळ्यांत बोलका पुरावा त्याच संग्रहालयाच्या जिन्यावर भिंतीत बसवलेला आहे. बहुतेक लोक वर जायच्या घाईत असतात, मी तुला थांबवून दाखवते.

दुसऱ्या शतकातला उठावाचा दगडी फलक आहे. मधोमध मार्कस ऑरेलियस, डोक्यावरून टोगाचा पदर घेतलेला. पूजा करताना रोमन पुरुष डोकं झाकायचे. समोर तिपाई, तिच्यावरच्या विस्तवात तो धूप घालतोय. धुपाची पेटी हातात धरून एक कोवळा मुलगा उभा आहे. बाजूला जोडपावा वाजवणारा, कारण पूजा चालू असताना वाईट शब्द कानावर पडू नये म्हणून पावा अखंड वाजत राहायचा. मागे माणसांच्या डोक्यांमधून बैलाचं मुंडकं डोकावतंय आणि त्याच्या जवळ कुऱ्हाडवाला. या सगळ्यांच्या मागे देऊळ. तीन दारं आहेत, म्हणजे तीन गाभारे. पण खांब चारच. इथे घाबरून जाऊ नकोस. शिल्पकाराला जागा कमी होती, म्हणून त्याने दोन खांब गाळले. आपल्याकडच्या शिल्पांतही अख्खं शहर एका वेशीने दाखवतात, तसंच. दारं त्याने गाळली नाहीत, कारण तीन दारं हीच त्या देवळाची खूण होती.

आणखी दोन गोष्टी वहीत लिहून ठेव, परीक्षेला कुणी विचारणार नाही तरी. पहिल्या देवळातली ज्युपिटरची मूर्ती भाजलेल्या मातीची होती, आणि सणाच्या दिवशी तिचं तोंड शेंदरासारख्या लाल रंगाने रंगवत. नवे सेन्सॉर, म्हणजे जनगणना आणि सरकारी कंत्राटं पाहणारे अधिकारी, आले की त्यांनी पहिल्यांदा कशाचं कंत्राट द्यायचं, तर या रंगकामाचं. हे प्लिनीने नोंदवलंय. दुसरी गोष्ट रोमन इतिहासकार लिव्हीकडून आलेली. अक्षरओळख दुर्मिळ होती त्या काळात दर वर्षी १३ सप्टेंबरला देवळाच्या भिंतीत एक खिळा ठोकत, मिनर्व्हाच्या गाभाऱ्याच्या बाजूला. खिळे मोजले की वर्षं कळत.

प्रश्न : शालोम आणि नमस्कार. मी अलिबागची, लग्नानंतर इथे आले त्याला पन्नास वर्षं झाली. मराठी मासिक नात पाठवते. आमच्याकडे पुरीमच्या आधी अर्ध्या शेकेलच्या आठवणीने दान देतात. यरुशलेमचं देऊळ पाडल्यावर रोमन लोकांनी तोच अर्धा शेकेल त्यांच्या देवासाठी घ्यायला लावला, असं इथल्या एका व्याख्यानात ऐकलं. तुम्ही लिहिलेलं देऊळ तेच का? (अश्दोद, इस्रायल)

उत्तर : आजी, होय, तेच. हे उत्तर लिहिताना माझा हात जड झालाय.

तारखा पाहा. रोमचं देऊळ जळालं डिसेंबर ६९ मध्ये. नव्या बांधकामाचा मुहूर्त झाला २१ जून ७० ला. टॅसिटसने तो सोहळा लिहून ठेवलाय. दिवस स्वच्छ होता. ज्यांची नावं शुभ आहेत असे सैनिक निवडून, त्यांच्या हातात शुभ झाडांच्या डहाळ्या देऊन त्यांना आत सोडलं. मग व्हेस्टा या चुलीच्या देवीच्या पुजारिणी कुमारिका आल्या, बरोबर आई-वडील दोघंही हयात असलेली मुलं-मुली, आणि त्यांनी झऱ्यांचं, नद्यांचं पाणी जागेवर शिंपडलं. एक प्रचंड दगड दोरांनी ओढायला अधिकारी, पुजारी आणि सामान्य लोक सगळे लागले. पायात न वितळवलेलं सोनं-चांदी टाकलं. शकुन पाहणाऱ्यांनी सांगितलं होतं की देवळाचा जुना आराखडा बदलू नका, देवांना ते मान्य नाही. म्हणून फक्त उंची वाढवली.

त्याच दिवशी यरुशलेमला वेढा पडलेला होता. वेढा घालणारा तितस हा व्हेस्पेशियनचाच मुलगा. दोन महिन्यांच्या आत तुमचं देऊळ जळालं, ज्याच्यासाठी तुम्ही तिशा बआवचा उपास करता.

अर्धा शेकेल म्हणजे दोन द्राख्मा. आधी तो फक्त वीस वर्षांवरचे पुरुष धर्माचा नियम म्हणून आपल्या देवळाला पाठवत. आता यहुदी इतिहासकार जोसेफस लिहितो की साम्राज्यात कुठेही राहणाऱ्या प्रत्येक यहुद्याने दर वर्षी दोन द्राख्मा कॅपिटोलला, म्हणजे ज्युपिटरच्या या देवळाला, द्यायचे, पूर्वी यरुशलेमच्या देवळाला देत तसेच. बायकांनी आणि मुलांनीसुद्धा. इजिप्तमध्ये एद्फू गावात या कराच्या पावत्या सापडल्यात, फुटक्या मडक्यांच्या खापरांवर शाईने लिहिलेल्या. पपायरसचा कागद महाग, म्हणून खापरी. वर नाव, रक्कम, वर्ष. तीन वर्षांच्या मुलांपासून कर घेत. विचार करा आजी, आपल्या पोराच्या नावाची खापरी एक बाई घरी आणून ठेवतेय, आणि ते पैसे गेलेत दुसऱ्याच्या देवाच्या छपराला.

डोमिशियनच्या वेळी तर वसुली फारच कडक झाली. सुएटोनियस स्वतःची आठवण सांगतो : तो तरुण असताना भर कचेरीत, लोकांच्या गर्दीत, नव्वद वर्षांच्या एका म्हाताऱ्याचे कपडे उतरवून त्याची सुंता झाली आहे का ते पाहिलं. बारा हजार टॅलेंटांचा तो सोनेरी मुलामा याच बादशहाचा. पुढे ९६ मध्ये नेर्वा बादशहा आला आणि या करापायी होणाऱ्या खोट्या तक्रारींचा जाच त्याने बंद केला, तसं नाणंही पाडलं. त्यावर खजुराचं झाड आहे. कर मात्र चालूच राहिला. आणि पुढच्या हेड्रियन बादशहाने यरुशलेमच्या जागी नवी रोमन वसाहत वसवली, तिला नाव दिलं एलिया कॅपिटोलिना. त्यातलं कॅपिटोलिना या देवळावरून.

रोमला त्या भिंतीसमोर बसले होते तेव्हा मला खापऱ्यांची गोष्ट माहीत होती, पण आठवली नाही. मी सोन्याच्या कौलांचाच विचार करत राहिले. तुमचं पत्र आल्यावर वाटलं, तिथे ते आठवायला हवं होतं.

प्रश्न : आमच्या भागात शेताचा बांध आणि हद्दीचा दगड यावरून पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालतात. रोममध्ये हद्दीच्या दगडालाच देव मानून त्याच्यासाठी मोठ्या देवळाचा नकाशा बदलला, असं तुम्ही ओझरतं लिहिलंत. नीट सांगा. (शेतकरी, तासगाव)

उत्तर : त्या देवाचं नाव टर्मिनस. ज्युपिटरच्या देवळासाठी टेकडी मोकळी करताना तिथल्या लहान देवांची परवानगी घ्यावी म्हणून पक्ष्यांचे शकुन पाहिले. बाकीचे हलायला तयार झाले, टर्मिनसचा शकुन काही येईना. मग त्याचा दगड होता तिथेच ठेवून देऊळ त्याच्याभोवती बांधलं. हद्दीचा देव उघड्या आभाळाखालीच हवा, म्हणून त्याच्या बरोबर वर छपराला एक भोक ठेवलं. ज्या छपरावर पुढे इतकं सोनं चढलं, त्यात हे भोक होतं.

त्याचा सण २३ फेब्रुवारीला. रोमन कवी ओव्हिडने तो गावाकडचा वर्णिलाय. बांधाच्या दोन्ही बाजूंचे शेतकरी येतात, दगडाला आपापल्या बाजूने हार घालतात, आपापली पोळी ठेवतात. घरची बाई चुलीतला विस्तव फुटक्या मडक्यात घालून आणते. म्हातारा लाकडं फोडून रचतो. मुलगा टोपली धरून उभा, तो त्यातलं धान्य तीनदा आगीत टाकतो. मग धाकटी बहीण मधाच्या पोळ्याचे कापलेले तुकडे पुढे करते. बाकीचे पांढऱ्या कपड्यांत, हातात द्राक्षाचा आसव घेऊन, काही न बोलता बघत उभे राहतात.